वाऱ्याआडचा दोर

आमच्या आदिलाबादहून कोणत्याही दिशेला चारशे किलोमीटर गेले तरी समुद्र लागत नाही. पाण्याशी आमचे नाते पैनगंगेपुरते. पणजोबा यवतमाळकडून एका डोंग्यात बसून ही नदी ओलांडून निजामाच्या मुलखात आले, एवढीच आमच्या घराण्याची नौकानयनाची परंपरा. अशा घरात जन्मलेल्या आणि राज्य सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात हयात घालवलेल्या माणसाने शर्यतीच्या शिडाच्या नावेवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु वीस-बावीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट मनात रुतून बसली आहे आणि नावेची डोलकाठी कशी उभी राहते हे सांगितल्याशिवाय ती सांगता येण्यासारखी नाही.

२००२ साली माझी बदली हैदराबादला झाली. मुलगा तेव्हा नववीत होता. हुसेनसागर हा सोळाव्या शतकात, इब्राहिम कुतुबशहाच्या काळात बांधलेला तलाव. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा त्याच्या पाण्यावरून सलग वाहू लागला की तेथे शिडाच्या नावांच्या शर्यती होतात. ‘हैदराबाद सेलिंग वीक’ ही त्यांतली विशेष नावाजलेली. तिच्यात भर असतो तो लेझर जातीच्या नावांवर. लेझर ही एकट्याने चालवायची नाव. तिच्या डोलकाठीला आधाराचा एकही दोर नसतो. शिडाची बाही काठीवर मोज्यासारखी चढवायची आणि काठी खोबणीत उभी करायची, की झाले.

मुलगा तेथील एका संस्थेत जिच्यावर शिकत होता ती नाव मात्र निराळी, एंटरप्राइझ नावाची. दोघांनी चालवायची, सव्वातेरा फूट लांबीची, निळ्या शिडांची. इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी १९५६ साली तिचा आराखडा केला. १९८२च्या आशियाई खेळांतील नौकाशर्यती मुंबईला झाल्या, तेव्हा याच जातीत कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या दांपत्याने सुवर्णपदक मिळवले आणि आपल्या जीजी व फली उनवाला यांनी रौप्यपदक. हे सारे मला मुलाकडून कळले. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर ही नावे लिहिलेली असत.

या नावेची डोलकाठी तीन पोलादी तारांच्या दोरांवर उभी असते. एक दोर नाळेकडे जातो. त्याला फोरस्टे म्हणतात. उरलेले दोन डाव्या आणि उजव्या काठाला बांधलेले, ते श्राउड. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाचा उंच खांब उभा करताना चहूबाजूंनी दोर ताणतात, तोच न्याय. खांब उभा राहतो तो पायाच्या खड्ड्यामुळे नव्हे, तर एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या दोरांमुळे. फरक इतकाच, की मांडवाचा खांब हलला तर मांडववाला घाबरतो आणि डोलकाठी मुळीच हलेनाशी झाली तर नावाडी चिंतेत पडतो. आपल्या भाषेने त्या काठीला नावच डोलणारी काठी असे दिले आहे. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी समुद्र पाहिलेला होता.

दर रविवारी सकाळी मी मुलाला स्कूटरवरून तलावावर घेऊन जाई. वर्तमानपत्र वाचत बसावे हा माझा मूळ बेत. पण तेथे शिकवणारे एक निवृत्त सुभेदार कोणालाही रिकामे बसू देत नसत. ‘साहेब, मीटरपट्टीचे टोक धरा,’ असे म्हणून त्यांनी पहिल्याच महिन्यात मला कामाला लावले. मोजणे हा माझा धंदाच, मी रमलो.

शर्यतीपूर्वी डोलकाठी आणि तिचे दोर जुळवण्याला तेथे ट्यूनिंग म्हणतात. सतारीच्या तारा लावण्यालाही आपण हल्ली हाच शब्द वापरतो आणि ते योग्यच आहे. प्रथम काठी डावी-उजवीकडे सरळ आहे की नाही हे पाहायचे. मीटरपट्टीचे टोक शीड चढवण्याच्या दोरीला बांधून शेंड्यापर्यंत न्यायचे आणि खालून एकदा डाव्या काठापर्यंतचे, एकदा उजव्या काठापर्यंतचे अंतर मोजायचे. दोन्ही सारखी आली पाहिजेत. मग तीच पट्टी नावेच्या मागच्या फळीपर्यंत ताणायची. काठी मागे किती झुकली आहे हे त्यावरून कळते; त्या झुकावाला रेक म्हणतात. श्राउडच्या खालच्या टोकाला भोकांची एक पोलादी पट्टी असते. पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली की खाली सेंटिमीटरभराचा फरक होतो. वर शेंडा मात्र त्याच्या कितीतरी पटीने पुढे-मागे होतो. हा हिशेब मी कागदावर त्रिकोण काढून पडताळून पाहिला, तेव्हा सुभेदार हसून म्हणाले, ‘साहेबांना सही केल्याशिवाय करमत नाही.’

काठी मागे झुकवली की शिडाचा जोर मागे सरकतो. नाव आपण होऊन वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते आणि सुकाणू हाताला ओढ देऊ लागते. थोडी ओढ हवी. तिच्यावरूनच नावेचा कल हाताला कळतो. फार ओढ झाली तर सुकाणू ब्रेकसारखे पाण्याला अडवत राहते. लहानपणी संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना वरचा दोरा बोटभर आखूड ठेवायचा की लांब, यावर आम्ही भावंडे भांडत असू. कन्नी चुकली की पतंग एक तर गोते खाई किंवा वर चढतच नसे. वाऱ्याचे शास्त्र तेच. फक्त येथे पतंगावर माणूस बसलेला असतो.

त्यानंतर ताण. पुढचे लहान शीड, म्हणजे जिब, चढवून त्याची दोरी ताणली की जिबच्या कडेतील तार आणि दोन श्राउड मिळून सगळा भार घेतात आणि फोरस्टे सैल पडतो. किनाऱ्यावर काठी पडू नये म्हणून जो दोर राबतो, तोच शर्यतीत मोकळा असतो. ताण कमी झाला तर जिबची कड वाऱ्यात पोट काढते आणि नाव वाऱ्याच्या दिशेने जवळून चढू शकत नाही. ताण जास्त झाला तर मंद वाऱ्यात शिडे निर्जीव होतात आणि नावेच्या अंगावर नाहक जोर येतो. काही जण हा ताण यंत्राने मोजतात. सुभेदार खांद्याच्या उंचीवर तारेला अंगठ्याने दाबून पाहत. ज्या नावांच्या काठीला मध्यावर आडवे हात, म्हणजे स्प्रेडर असतात, त्यांत काठी किती वाकते हेही ठरवता येते. काठी वाकली की मोठे शीड सपाट होते आणि जोराच्या वाऱ्यात ते सोसवते. प्रत्येक रविवारचा वारा, भोकांचे क्रमांक आणि रेकचे माप मुलगा वहीत उतरवून ठेवी. एवढी नीटस वही मी माझ्या खात्यातही क्वचित पाहिली.

हे सारे किनाऱ्यावरचे झाले. खरी परीक्षा पाण्यात. वारा एका बाजूने आला की त्या बाजूचा श्राउड ताठ होतो आणि वाऱ्याआडचा, म्हणजे पलीकडचा, सैल पडतो. मी एकदा विचारले, की दोन्ही दोर घट्ट बांधले तर सैल पडण्याचा प्रश्नच उरणार नाही. सुभेदारांचे उत्तर मला पाठ आहे: मध्यम वाऱ्यात वाऱ्याआडचा दोर किंचित सैल झालाच पाहिजे, तो लोंबू लागला तर ताण कमी आहे आणि तो हललाच नाही तर ताण जास्त आहे. म्हणून शर्यतीत नजर ताठ दोराकडे नव्हे, सैल दोराकडे ठेवायची.

आता पिनेविषयी. भोकांच्या पट्टीतून जाणारी ही पिन करंगळीच्या पेराएवढी. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकातील बारीक छिद्रात तारेची एक गोल कडी ओवतात. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशीच, फक्त चवलीहूनही लहान. वर चिकटपट्टी गुंडाळतात. त्या कडीवर भार काहीच नसतो. भार पिनेवर, कडीने फक्त पिनेला जागेवर ठेवायचे.

२००३ सालचा ऑगस्ट. पुढच्या आठवड्यात मुलाची पहिली मोठी शर्यत होती. वारा जोराचा होता म्हणून रेक एका भोकाने वाढवायचे ठरले. उजवी बाजू मुलाने केली. डाव्या बाजूची पिन घातल्यावर त्याने कडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘बाबा, एवढी ओवा, मी सुकाणू लावून येतो.’ तेवढ्यात कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. एका पंचायतीच्या हिशेबांवरील आमच्या आक्षेपाला उत्तर आले होते. मी बोलत बोलत चार पावले दूर गेलो. परत आलो तेव्हा नाव पाण्यात उतरत होती. कडी मी ओवली की नाही, हा प्रश्न त्या क्षणी मला पडलाच नाही.

नाव निघाली तेव्हा वारा उजवीकडून होता. उजवा श्राउड ताठ, डावा वाऱ्याआडचा, सैल. तब्बल वीस मिनिटे नाव सुरेख चालली. १९९२ साली तलावात उभ्या राहिलेल्या बुद्धमूर्तीच्या अलीकडे त्यांनी नाव वळवली. आता वारा डावीकडून आला, शिडांनी भार डाव्या श्राउडवर टाकला आणि तेथे पिनच नव्हती. सैल दोराच्या थरथरण्याने ती केव्हाच सरकून पाण्यात गेली होती. डोलकाठी शिडांसकट पलीकडे कोसळली. दोन्ही मुले वाऱ्याकडच्या काठावर बसलेली. शिडांचा जोर नाहीसा होताच नाव त्यांच्या बाजूला कलंडली. जोडीदार सुखरूप राहिला. माझ्या मुलाचा खांदा काठावर आपटला आणि हाड मोडले.

बचावनावेने त्यांना किनाऱ्यावर आणले. सुभेदारांनी लोंबणारा श्राउड हातात घेऊन पाहिला आणि विचारले, ‘डावीकडची कडी कोणी लावली होती?’ मुलाने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘मी.’ मी तीन पावलांवर उभा होतो. सुभेदार त्याला बरेच बोलले. शिस्तीचा माणूस, मुलांच्या जिवाची जबाबदारी डोक्यावर. त्यांचे काही चुकले नाही. मी बोललो नाही. वाटले, आधी दवाखाना, मग पाहू.

दवाखान्यानंतरही मी बोललो नाही. उलट, आज लिहिताना हात अडखळतो, पण सांगतो, महिनाभराने हाड जुळल्यावर तो पुन्हा तलावावर जायचे म्हणाला तेव्हा मी त्याला त्याच अपघाताचा दाखला दिला. ‘एका कडीकडे लक्ष देता येत नाही, दहावीचे वर्ष आहे, पुरे झाले.’ तो काही बोलला नाही. वही कपाटात गेली. पुढे तो अभियंता झाला, मुंबईला नोकरीस लागला, लग्न झाले. आमच्यात भांडण असे कधी झाले नाही. सणावाराला येणे-जाणे, रविवारी फोन, प्रकृतीची चौकशी. सारे व्यवस्थित आणि थोडे सैल.

२०१६ साली पत्नी गेली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पुढल्या वर्षी मी निवृत्त होऊन आदिलाबादला परतलो. सप्टेंबर २०१८ मध्ये एका रात्री दूरदर्शनवर बातमी पाहिली, की गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्या नावेची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली असून पाठीला जबर दुखापत झाल्याने ते नावेतच पडून आहेत. त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली होती, ‘सुहेली’ या नावेचा नमुना समोर ठेवून. मूळ ‘सुहेली’ मुंबईत सागवानाने बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अशी ती पहिलीच. सागवान म्हटले की आपल्या जिल्ह्याच्या माणसाचे कान टवकारतातच. पण त्या रात्री माझे लक्ष सागवानाकडे नव्हते. पडद्यावर तुटलेली काठी दाखवत होते आणि मी माझ्या हाताच्या बोटांकडे पाहत होतो.

टॉमींची काठी वादळाने मोडली. त्यात कोणाची चूक नव्हती. माझ्या मुलाची काठी भर उन्हात, ओळखीच्या तलावात, फोनवर बोलणाऱ्या एका माणसामुळे पडली होती. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना वाचवल्याची बातमी आली आणि मी मुलाला फोन लावला. रविवार नव्हता, तो दचकला. ‘बाबा, बरे आहात ना?’

मी सगळे सांगितले. लेखापरीक्षणाच्या टिपणासारखे, क्रमवार सांगितले. मला दुसरे येत नाही. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला माहीत होतं, बाबा. दुसऱ्या दिवशी आईनं धुणं भिजवताना तुमच्या शर्टाच्या खिशातून कडी काढली. मला दाखवून विचारलं, हे काय रे? मी सांगितलं. आणि तुम्हाला सांगू नकोस, असंही सांगितलं.’

‘का रे?’

‘तुम्ही आपणहून सांगाल असं वाटलं होतं. मग दिवस गेले.’

म्हणजे तेरा वर्षे ती माझ्या पानात वाढत होती आणि तिला ठाऊक होते. मी मुलाच्या निष्काळजीपणाचा दाखला देत होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. सारे तिच्या कानांवर पडत होते. आयुष्यभर मी इतरांच्या हिशेबांवर आक्षेप काढले. ज्याने पैसा खाल्ला नाही त्याच्या नावावर वसुली लागू नये, यासाठी रात्री जागून कागद तपासले. घरच्या एका आक्षेपात मात्र वसुली निरपराध्याच्या नावावर टाकली आणि खाते बंद करून मोकळा झालो.

तेव्हापासून सुभेदारांचे ते सैल दोराचे बोलणे मला पुन्हा पुन्हा आठवते. पिन पडते ती भार असताना नव्हे. भार असतो तेव्हा तोच तिला जागच्या जागी दाबून धरतो. ती पडते दोर सैल असताना, नाव छान चाललेली असताना, कोणी तिकडे पाहत नसताना. काठी मात्र पडते वळण घेतल्यावर, आणि मग आपण वाऱ्याला दोष देतो. आमच्या घरात संकटे आली, पत्नीचे दीर्घ आजारपण आले, तेव्हा आम्ही घट्ट होतो. जे निसटले ते मधल्या बऱ्या वर्षांत निसटले.

पुढची हकीकत थोडी आहे. अभिलाष टॉमी २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्याला पोहोचले. त्या रात्री मुलाचाच फोन आला. त्यानंतरच्या पावसाळ्यात तो आला तेव्हा आम्ही दोघे हैदराबादला हुसेनसागरावर गेलो. आता कितीतरी नवी मुले-मुली तेथे शिकतात. आपल्याच हैदराबादच्या ऐश्वर्या बोड्डपाटी २०१७-१८ साली ‘तारिणी’तून पाच सहकारी महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, हे त्या मुलींना माझ्याहून चांगले ठाऊक होते. किनाऱ्यावर एक नाव उभी होती. मुलाने सहज जाऊन तिच्या श्राउडवर अंगठा दाबला, खाली वाकून पिन पाहिली, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूची पाहिली. वीस वर्षांनी त्याच्या हाताला ते आठवत होते.

मी विचारले, ‘ती कडी कुठे आहे रे?’

‘कुणास ठाऊक, बाबा. टाकली असेल तेव्हाच.’

मला वाटले होते, त्याने ती जपून ठेवली असेल. त्याने ठेवली नव्हती. ती मीच इतकी वर्षे ठेवली होती. परतीच्या वाटेवर निर्मल येईपर्यंत तो रेक, जिब आणि त्या जुन्या वहीविषयी बोलत होता आणि मी ऐकत होतो. आता आमचा फोन रविवारी होतो तसा अधूनमधून बुधवारीही होतो. सांगण्यासारखे विशेष काही नसते. काही नसते, तेव्हाच तो करायचा असतो.